पश्चिमेचे तट्टे

मलकापूरच्या वीजघरात दोन इंजिनं होती. कंपनीने त्यांना एक आणि दोन असे नंबर दिले होते, पण पुंजाजी त्यांना थोरली आणि धाकली म्हणायचा. इंजिनाला बाईचं नाव का, असं कुणी विचारलं तर सांगायचा, "गडीमानूस एवढं काम करते काय बे?"

पुंजाजी मूळचा नळगंगेकाठच्या एका खेड्यातला. घरी भावाभावांची शेती होती, खाऊनपिऊन बरं चाललेलं होतं. विशीत असताना थोरल्या भावाबरोबर कापसाची गाडी घेऊन तो मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात आला. तिथल्या इंजिनाची धडधड त्याने ऐकली आणि गाडी रिकामी झाली तरी त्याचा पाय निघेना. भावाने बैल जुंपले, हाका मारल्या. पुंजाजी म्हणाला, "तू जाय. मी मांगून येतो." तो मागून कधी गेलाच नाही. आधी तेल घालणारा झाला, मग मदतनीस, आणि गावात वीजघर निघालं तेव्हा तिथला ड्रायव्हर. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली तोवर त्याने चाळिशी गाठली होती, आणि गावात त्याचं नाव झालं होतं. दिवे गेले की लोक म्हणत, "पुंजाजीनं काय केलं बे?" आणि आले की पोरं ओरडत, "आला, पुंजाजी आला!"

इंजिन चाललं की तापतं. त्याच्या अंगाभोवती सारखं पाणी खेळवावं लागतं. ते पाणी इंजिनाची आग घेऊन बाहेर येतं, आणि निवल्याशिवाय परत आत पाठवता येत नाही. त्यासाठी शेडच्या बाहेर हौद बांधून त्यावर लाकडाचा उंच टावर उभा केला होता. वर पन्हळी, पन्हळींना भोकं, खाली फळ्यांचे थरावर थर. गरम पाणी वर चढवायचं. ते भोकांतून गळत, फळ्याफळ्यांवर फुटत, तुषार होऊन खाली हौदात पडायचं आणि आडव्या वाऱ्याने वाटेतच थंड व्हायचं. बायका माठाला ओलं फडकं गुंडाळतात, त्यातलाच हा प्रकार.

अडचण एकच होती. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा भणाणत सुटला की निम्मे तुषार हौदात न पडता रस्त्यावर उडून जात. आणि पाणी कुठे फुकट होतं? पूर्णेच्या अंगाच्या त्या पट्ट्यात विहिरी खाऱ्या, त्याही चैत्र सरता सरता तळ दाखवायच्या. एका वर्षी पुंजाजीने बांबूचे तट्टे आणून टावरच्या पश्चिम बाजूला घट्ट बांधून टाकले. पाणी उडायचं थांबलं. मॅनेजर माणिकरावांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली. तेव्हापासून 'पुंजाजीचे तट्टे' हा वीजघरातला शब्दच होऊन गेला. पाहुणा आला की माणिकराव त्याला टावर दाखवत, आणि पुंजाजी तेलाचे हात पुसत मुद्दाम तिथून जात असे.

अशात शालिग्राम आला.

तो मेहकरचा. तिशीच्या आतला, नागपूरला फिटरचं काम शिकलेला, हसऱ्या तोंडाचा. बायको पहिल्या बाळंतपणात गेली म्हणून एकटाच होता. आल्या दिवशी त्याने पुंजाजीला वाकून नमस्कार केला आणि 'भाऊ' म्हणाला. तिथवर सगळं ठीक होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने पेटीतून लांबडा थर्मामीटर काढला.

पुंजाजीची रीत वेगळी होती. इंजिनातून परतणाऱ्या पाण्याच्या नळीवर तो तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "ठीक हाये," नाहीतर "थोडी दमून राह्यली, लोड कमी करा." एवढी वर्षं त्याचा तळवा हाच वीजघराचा थर्मामीटर होता. त्या दुपारीही त्याने तळवा ठेवला आणि म्हणाला, "ठीक हाये."

शालिग्रामने थर्मामीटर पाहिला, झटकला, पुन्हा पाहिला. "भाऊ, ठीक नाही. लय गरम हाये."

"माह्या हाताले समजत नाही काय?"

शालिग्रामने स्वतःचा हात नळीवर ठेवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. मग त्याने पुंजाजीचा तळवा धरून उलटा केला. कातडी बैलाच्या खांद्यासारखी झाली होती. "भाऊ," तो हळूच म्हणाला, "तुमच्या हाताले आता पोळतच नाही."

तो आदरानेच बोलला होता. पण तिथे दोन तेलवाले उभे होते, आणि त्यातला एक हसला. ते हसणं पुंजाजीच्या कानातून जाईना.

पुढे शालिग्रामने तट्ट्यांनाच हात घातला. माणिकरावांपुढे उभा राहून म्हणाला, "साहेब, पाणी खाली पडून राह्यलं, पण निवून नाही राह्यलं. वारा आत जाईन तवा ना! तट्ट्यानं त्याची वाटच बंद केली. काढून पाहू."

"आन् पानी उडून गेलं म्हंजे?" पुंजाजी मधेच बोलला. "हौद तुहा बाप भरीन?"

माणिकराव दोघांकडे पाहत राहिले. धाकली आधीच उघडून ठेवलेली, तिचे सुटे भाग मुंबईहून यायचे होते. सगळा भार थोरलीवर, आणि नगरपालिकेचा पाण्याचा पंपही याच विजेवर. थोरली बसली असती तर गावाला दिवे तर नाहीतच, प्यायला पाणीही नाही. "आठ दिवस काढून पाहू," ते म्हणाले. "पुंजाजी, मनाला लावून घेऊ नका."

तट्टे निघाले. सुतळ्या शालिग्रामने कापल्या. पुंजाजी शेडच्या दारात उभा राहून पाहत होता. पाणी खरंच थंड झालं. थर्मामीटरचा पारा उतरला, थोरलीचा आवाज हलका झाला, आणि हे पुंजाजीच्याच कानाला सगळ्यांत आधी कळलं. इतर वेळी त्याला आनंद झाला असता. आज त्याला वाटलं, आपल्याच बायकोने परक्याच्या बोलण्यावर हसावं तसं हे इंजिन हसतंय.

आणि घरीही तसंच होत होतं. वीजघराच्या मागे कंपनीच्या खोल्या होत्या. शालिग्राम हाताने करून खातो हे कळल्यावर पुंजाजीची बायको रुखमाबाई त्याला जेवायला बोलावू लागली. तो ठेच्याचं असं काही कौतुक करायचा की रुखमाबाई तोंडाला पदर लावून हसायची. पुंजाजी ताटाकडे बघत भाकर मोडत राहायचा. लग्नाला वीस वर्षं झाली, ठेचा रोजच खाल्ला. चांगला झाला असं म्हणायचं असतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. आता सुचून उपयोग नव्हता. म्हटलं असतं तर शालिग्रामची नक्कल वाटली असती.

पण हौदातलं पाणी उतरू लागलं, आणि पुंजाजीला थोडा धीर आला. रोज सकाळी हौदात डोकावायचं आणि मिशीत हसायचं, हा त्याचा नेम झाला. त्यातच वीजघराला लागून राहणाऱ्या गोजरबाईंनी माळवदावर कुरडया घातल्या. दुपारी वाऱ्याचा झोत आला आणि टावरचे तुषार थेट कुरडयांवर. खारं पाणी, तेही तेलकट! खरं तर गोजरबाईंना तुषार कुठून आले ते कळलं नव्हतं. पुंजाजीने जाऊन सांगितलं. "मामी, माहे तट्टे होते तवा कधी असं झालं होतं काय?"

गोजरबाई कुरडयांचं ओलं फडकं तसंच उचलून वीजघरात आल्या आणि ते त्यांनी माणिकरावांच्या टेबलावर ठेवलं. अर्धा तास त्यांनी कंपनीचा उद्धार केला. शालिग्राम मान खाली घालून उभा होता. पुंजाजी इंजिनामागे उभा राहून ऐकत होता. दिवाळीच्या फराळासारखे ते शब्द त्याला गोड लागले.

त्याला वाटलं, आता तट्टे परत चढणार. पण शालिग्राम दुसऱ्या दिवशी रहेमतुल्ला मिस्त्रीकडे गेला. रहेमतुल्ला म्हणजे बाजारातला जुना सुतार, बैलगाडीच्या चाकांपासून मशिदीच्या दारापर्यंत सगळं करणारा. दोघांनी मिळून अरुंद फळ्या कापल्या आणि पश्चिमेच्या आणि समोरच्या पूर्वेच्या बाजूला खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या बसवल्या. प्रत्येक फळीचं खालचं टोक आत, वरचं बाहेर. वारा पश्चिमेच्या फटीफटीतून आत शिरायचा, पण पूर्वेकडून बाहेर उडणारा थेंब फळीवर आपटून उतारावरून पुन्हा हौदात यायचा.

"हे कसं सुचलं बे तुले?" माणिकरावांनी विचारलं.

"नागपुरात अशा टावरवर काम केलं होतं, साहेब. आन् मिस्त्रीचा हात हाये, म्हणून जमलं."

"हमनं तो सिर्फ लकडी काटी," रहेमतुल्ला हसून म्हणाला. मग त्याचं लक्ष पुंजाजीकडे गेलं. त्यांची जुनी ओळख होती. "काय पुंजाजी, बरं झालं का नाही? तुह्या इंजिनाचा ताप उतरला."

"पाहू ना," पुंजाजी म्हणाला. "लाकूडच हाये. किती दिस टिकते ते पाहू."

त्या दिवसापासून तो खरोखरच पाहत राहिला. येता-जाता त्याची नजर टावरवर. इतकी निरखून त्याने तो टावर कधी, तट्टे बांधतानाही, पाहिला नव्हता. कुठे फळी सुटते का, कुठे खिळा निघतो का. लोक म्हणत, पुंजाजीचं कामावर किती लक्ष! माणिकरावांनी शालिग्रामला दिवसपाळीचा प्रमुख केलं, त्या दिवशी तर पुंजाजी जेवलाही नाही.

मृग लांबला. आभाळात ढगाचा ठिपका नाही आणि वारा भट्टीतून यावा तसा. अशा एका सकाळी पुंजाजीला जे हवं होतं ते दिसलं.

टावरच्या पश्चिमेकडच्या फळ्या कोरड्या दिसत होत्या. कोरड्या आणि पांढुरक्या. त्याला लगेच उमगलं. पाणी वाऱ्याने थंड होतं म्हणजे त्यातलं काही वाफ होऊन उडून जातं. खार मात्र मागे राहतो. तेच पाणी फिरून फिरून, आटून आटून, दर फेरीला जास्त खारट होत गेलं होतं, आणि वरच्या पन्हळीच्या भोकांवर खाराचं पुट चढलं होतं. पश्चिमेची भोकं बुजत चालली होती. पाणी पूर्वेच्या अंगाने धारच्या धार पडत होतं. वारा फटींतून आत येत होता आणि कोरड्या फळ्यांवरून रिकामा निघून जात होता.

पुंजाजी कुणाला काही बोलला नाही.

शालिग्रामला पारा चढतोय हे दिसत होतं, पण त्याला वाटलं खार इंजिनातच साठलाय. तो थोरलीची झाकणं तपासत होता, नळ्या ठोकून पाहत होता, घामाने निथळत होता. एकदा त्याने विचारलंही, "भाऊ, तुमाले काय वाटते? कुठं अडून राह्यलं?"

"मले काय समजते?" पुंजाजी म्हणाला. "माह्या हाताले तर पोळतही नाही."

शालिग्रामचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा पुंजाजीने दोन-तीन दिवस पुरवून पुरवून आठवला.

मग ती दुपार आली. पुंजाजीची पाळी संपली होती. घरी तो पाटावर बसला होता, रुखमाबाई वाढत होती. थोरलीचा आवाज भिंतीतून यायचा, तो त्याला झोपेतही ऐकू यायचा. घास हातात असताना आवाज बदलला. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. धडधडीच्या मधे एक जड, घुसमटलेलं कण्हणं होतं. म्हातारं जनावर चढावर भरलेली गाडी ओढताना कण्हतं तसं.

घास ताटात पडला. "काय झालं वो?" रुखमाबाईने विचारलं. तो दारातून बाहेर गेलाही होता.

शेडमध्ये शालिग्राम भार कमी करा म्हणून ओरडत होता. थोरलीच्या अंगातून जळक्या तेलाचा वास सुटला होता. पुंजाजी त्याच्याकडे बघायला थांबला नाही. कोपऱ्यातली सळई आणि खुरपं उचललं आणि टावरच्या शिडीवर चढला. शिडी उन्हाने लाल झालेली, वर गरम पाण्याची वाफ. पन्हळीत खाराचे पापुद्रे माळवदावरच्या चुन्यासारखे बसले होते. त्याने खुरप्याने ते फोडले, सळईने एकेक भोक मोकळं करत गेला. पाणी हातांवर उसळत होतं. तळव्यांना पोळत नव्हतं. कोपरापर्यंत मात्र कातडी सोलून निघाली. खालून कुणीतरी "उतर, उतर" म्हणत होतं. तो उतरला नाही. पश्चिमेच्या फळ्यांवर पहिला तुषार उडाला, मग दुसरा, मग सगळी बाजू झरू लागली आणि वारा त्यातून गार होऊन त्याच्या तोंडावर आला. तेव्हा कुठे त्याने शिडीला टेकून डोळे मिटले.

थोरली वाचली. गावाचं पाणी बंद पडलं नाही.

संध्याकाळी माणिकरावांनी सगळ्यांना गोळा केलं. पुंजाजीच्या हातांना रुखमाबाईने कोरफड लावून पट्ट्या बांधल्या होत्या. शालिग्राम पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. "आठ दिस मी इंजिनात शोधून राह्यलो, आन् रोग होता वर. भाऊनं घरी बसून आवाजावरून ओळखलं. ह्या माणसाची सर मले जन्मात येनार नाही." तो पुन्हा वाकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे सगळं पुंजाजीला हवं होतं. किती दिवसांपासून हवं होतं. आणि आता तोंडात माती यावी तसं झालं. आवाजावरून ओळखलं? चार दिवसांपासून त्याला दिसत होतं. त्यातही सगळ्यांत जास्त डाचलं ते असं की शालिग्रामला दुसऱ्याचं कौतुक इतकं सहज करता येत होतं. एवढं मोकळं मन या माणसाला कुठून मिळालं, याचाही त्याला हेवा वाटला.

घरी आल्यावर त्याने रुखमाबाईला सांगून टाकलं. ती चुलीपुढे बसली होती. ऐकून तिने फुंकणी खाली ठेवली.

"चार दिस?"

"हाव."

"आन् बोलले नाही?"

"नाही."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तुमाले टावरचं दुख नाही, नावाचं हाये. नाव तर तुमचं कोणी नेलंच नव्हतं. ते पोरगं तुमालेच भाऊ भाऊ करून राह्यलं होतं."

"तू बी त्याच्यासंग हसत होती," पुंजाजी म्हणाला. इतक्या दिवसांचं ते शेवटी बाहेर पडलं.

रुखमाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "तुमी हसवलं असतं तर तुमच्यासंग हसली असती," ती म्हणाली आणि भाकर थापायला लागली. त्या रात्रीचं जेवण तिने त्याला हाताने भरवलं, कारण पट्ट्यांमुळे त्याला खाता येत नव्हतं.

त्यानंतर पुंजाजी सुधारला असं म्हणणं खोटं ठरेल. शालिग्रामला हे त्याने कधी सांगितलं नाही. दर आठवड्याला टावरवर चढून पन्हळी खरवडायचं काम मात्र त्याने मागून घेतलं आणि दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. शालिग्राम जेवायला यायचा. पुंजाजी आता 'बस' म्हणायचा, पण त्याच्या गमतींवर हसायचा नाही. हसू आलं तर खोकायचा. एकदा जेवताना त्याने खाली बघत "आज ठेचा बरा झाला" असं म्हटलं, तेव्हा रुखमाबाईच्या हातातली पळी थांबली.

काही वर्षांनी मोठ्या वीजकेंद्राची तार खांबाखांबांवरून मलकापुरात आली. वीजघर बंद झालं. थोरली आणि धाकली मोडीत गेल्या. रहेमतुल्लाने टावरची लाकडं घेतली. शालिग्राम तिकडच्या मोठ्या केंद्रात लागला. जाण्याआधी तो पुंजाजीकडे येऊन बसला. "भाऊ, माह्यासंग चला. मी साहेबासंग बोललो. तुमच्यासाठी काम हाये."

"तुह्या हाताखाली?"

"माह्या बाजूले."

पुंजाजी नको म्हणाला. तो जिनातल्या इंजिनावर गेला. जिथून सुरुवात केली तिथेच. पुढे बरेच दिवस रुखमाबाई भांडी जरा जोरात आपटत होती.

शालिग्रामने पुन्हा लग्न केलं. वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या मुलीच्या बारशाला पुंजाजी आणि रुखमाबाई पॅसेंजरने गेली. जेवणं झाल्यावर शालिग्राम पुंजाजीला केंद्र दाखवायला घेऊन गेला. तिथला टावर सिमेंटचा होता, देवळाच्या शिखराहून कितीतरी उंच, कमरेत बारीक. वरून पांढरी वाफ शांतपणे आभाळात चढत होती.

"याच्यात वारा कुठून शिरते? पंखा कुठं हाये?" पुंजाजीने विचारलं.

"पंखा नाही, भाऊ. पान्यानं आतली हवा गरम होते, गरम झाली का हलकी होऊन वर जाते. तिच्या जागेवर खालून थंडी हवा आपोआप शिरते. वारा असो का नसो."

पुंजाजी मान वर करून पाहत राहिला. वाऱ्याची वाट न पाहणारा टावर! त्याचा तोच जुना हेवा पुन्हा जागा झाला. तट्टे निघाले तेव्हा होता तसाच, जराही कमी नाही. हे सगळं या माणसाला रोज पाहायला मिळतं.

"इथं मले कोणी वळखत नाही, भाऊ," शालिग्राम म्हणाला. "दिवे आले तर आले. इथं कोणतं पोरगं माहं नाव घेऊन ओरडत नाही. मलकापुरात असताना मले त्याचा लय हेवा वाटे."

पुंजाजीने त्याच्याकडे वळून पाहिलं. तो थट्टा करतोय का, हे त्याला कळेना. मग त्याने ठरवलं की थट्टा नसावी, आणि तरी त्याला ते पुरतं खरं वाटलं नाही.

"एवढ्या उंचावर चढून साफ कोन करते?" त्याने विचारलं.

"पन्हळी खालीच हायेत, भाऊ. वर नुसती हवा."

"हं," पुंजाजी म्हणाला. "दाखव मंग. खार बसला अशीन त्याच्यात."

दोघे टावरच्या बुडाकडे चालत गेले. शालिग्राम पुढे, पुंजाजी मागे. अर्ध्या वाटेत पुंजाजीने पाय उचलले आणि त्याच्या बरोबरीने चालू लागला.